पिकलेल्या फळापासून सुरुवात: सोपी व्हीगन न्याहारी, गोड पदार्थ आणि पेये

दूध, लोणी, अंडी आणि मध न वापरता काही गोड करायचे ठरवले, की नवखा माणूस बहुधा आधी पर्यायांच्या शोधाला लागतो. लोण्याऐवजी काय, अंड्याऐवजी कोणती पावडर, साय कशाची, अशी यादी वाढत जाते आणि प्रत्यक्ष स्वयंपाक बाजूला राहतो. माझीही सुरुवात अशीच झाली आणि काही महिन्यांत कपाटाचा एक कप्पा अर्धवट वापरलेल्या पाकिटांनी भरला. पुढे हळूहळू उमगले, की हाताशी चांगले पिकलेले फळ असेल तर यातल्या बऱ्याच गोष्टी लागतच नाहीत. केळे गोडवा देते, दाटपणा देते आणि पिठाला बांधूनही ठेवते. अ‍ॅव्होकाडोमध्ये सायीसारखा स्निग्धपणा असतो. खजूर साखरेचे काम करतो. आणि लिंबाचे चार थेंब पडले की फिक्या चवीच्या पदार्थालाही उठाव येतो. म्हणून या लेखात आधी फळाबद्दल सांगितले आहे आणि कृती त्यानंतर दिल्या आहेत.

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली तेव्हापासून रूढ झाला. शाकाहारात दूध, दही, लोणी चालते. व्हीगन आहारात प्राण्यांपासून मिळणारे काहीच चालत नाही, म्हणून मधही वर्ज्य ठरतो. नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त चुका मधाच्या बाबतीतच होतात, कारण फळांच्या अनेक पाककृतींत तो सहज येऊन जातो.

मापांबद्दल एकदाच सांगून ठेवतो. पुढे ‘कप’ म्हणजे २४० मिलिलिटर, ‘मोठा चमचा’ म्हणजे १५ मिलिलिटर आणि ‘छोटा चमचा’ म्हणजे ५ मिलिलिटर असे समजावे.

फळ ओळखणे

सगळी फळे तोडल्यानंतर पिकत नाहीत आणि हे माहीत नसल्यामुळे बरेच पदार्थ बिघडतात. केळे, आंबा, पपई, अ‍ॅव्होकाडो, नाशपाती, पीच आणि किवी ही फळे घरी ठेवली तरी पिकत राहतात. याउलट स्ट्रॉबेरी, द्राक्षे, चेरी, अननस आणि संत्र्या-लिंबाच्या जातीची फळे तोडल्यानंतर मऊ पडतात, सुकतात, पण गोड होत नाहीत. आंबट स्ट्रॉबेरी आणली तर ती चार दिवस ठेवूनही आंबटच राहणार, हे गृहीत धरून तिच्यासाठी शिजवण्याची कृती निवडावी.

पहिल्या गटातली फळे लवकर पिकवायची असतील तर ती एका सफरचंदासोबत कागदी पिशवीत घालून पिशवीचे तोंड दुमडून ठेवावे. सफरचंदातून इथिलीन हा वायू बाहेर पडतो आणि तो पिशवीत कोंडला गेल्यामुळे शेजारचे फळ लवकर पिकते. रोज एकदा दाबून पाहावे, कारण अ‍ॅव्होकाडो कडक असण्यापासून जास्त पिकण्यापर्यंत फार वेळ घेत नाही.

केळ्याच्या बाबतीत सालीचा रंग हेच वेळापत्रक असते. हिरवट केळ्यात पिष्ट भरपूर असते आणि पिकताना त्यातले जवळजवळ सगळे साखरेत बदलते. साल नुसती पिवळी असलेले केळे कापून वर घालायला चांगले दिसते. पण पॅनकेक, आइस्क्रीम किंवा कुस्करून वापरायच्या कोणत्याही पदार्थासाठी तपकिरी ठिपके पडलेलेच केळे घ्यावे. ठिपक्यांचे केळे पाहून लोक नाक मुरडतात, माझ्या दृष्टीने मात्र ते फळांच्या टोपलीतले सर्वांत कामाचे फळ आहे.

कापलेले सफरचंद, केळे किंवा अ‍ॅव्होकाडो काळे पडते ते फळातल्याच एका विकरामुळे (एन्झाइममुळे). हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात ते काम सुरू करते आणि आम्लामुळे मंदावते. कापल्याबरोबर फोडींना थोडा लिंबाचा रस चोळला तर बराच वेळ रंग टिकतो. काळ्या पडलेल्या फोडी खायला हरकत नसते, त्या फक्त दिसायला वाईट दिसतात.

आणि कोणतीही कृती सुरू करण्यापूर्वी त्या फळाची एक फोड तोंडात टाकावी. कृतीत लिहिलेली साखर ही लिहिणाऱ्याच्या फळासाठी असते, तुमच्या फळासाठी नसते. फळ गोड आणि सपक लागले तर लिंबू आणि चिमूटभर मीठ वाढवावे. आंबट आणि सुवासिक लागले तर गोडवा वाढवावा. पाणचट लागले तर ते शिजवून आटवावे किंवा ओव्हनमध्ये भाजावे. साखर नेहमी शेवटी आणि थोडी थोडी घालावी. गोठवायच्या पदार्थात मात्र थोडी जास्त गोडी ठेवावी लागते, कारण थंड पदार्थ जिभेला कमी गोड लागतो.

साखरेऐवजी खजूर वापरायचा असेल तर १५० ग्रॅम बिनबियांचा खजूर बुडेल इतक्या गरम पाण्यात २० मिनिटे भिजवावा, पाणी निथळून घ्यावे आणि त्यातलेच पाऊण वाटी पाणी लागेल तसे घालत मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटावे. ही चटणीसारखी दाट पेस्ट बंद बरणीत, फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. तिने पदार्थाला तपकिरी रंग येतो, तेव्हा आंब्याचा किंवा स्ट्रॉबेरीचा रंग जपायचा असेल तर साधी साखरच बरी.

दुधाच्या जागी काय

ओट्सचे दूध सर्वांत स्वस्त आणि झटपट होते, पण तेच सर्वांत जास्त वेळा बुळबुळीतही होते. एक कप चपटे ओट्स आणि चार कप अगदी थंड पाणी मिक्सरमध्ये घालून फक्त ३० सेकंद फिरवावे आणि स्वच्छ फडक्यातून गाळावे. फडके पिळू नये. जास्त फिरवले, कोमट पाणी घेतले किंवा फडके पिळले, की ओट्समधले पिष्ट आणि चिकट तंतू दुधात उतरतात आणि तार सुटते. हे दूध तापवले की खिरीसारखे दाटते, त्यामुळे ते थंड पदार्थांसाठीच ठेवावे.

बदामाच्या दुधासाठी एक कप बदाम आठ तास भिजवून, ते पाणी फेकून, साडेतीन ते चार कप ताज्या पाण्यात दोन मिनिटे वाटून गाळावे. इथे फडके मनसोक्त पिळावे. उरलेला चोथा फेकू नये, पॅनकेकच्या पिठात किंवा फळावर भुगा पसरून भाजलेल्या क्रम्बलच्या वरच्या थरात तो चांगला लागतो. दोन्ही दुधे फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतात आणि खाली साका बसतो, म्हणून वापरण्यापूर्वी बाटली हलवावी.

नारळाचे दाट दूध स्निग्धपणासाठी घ्यावे. दाट दुधाचा डबा रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवला तर सकाळी वर घट्ट साय येते. ती चमच्याने काढून थोड्या साखरेबरोबर फेटली की फळांवर घालायला उत्तम होते. खालचे पाणी स्मूदीत जाते.

सोयाच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या जवळपास असतात, बदामाच्या दुधात मात्र फारच कमी, कपाला साधारण एक ग्रॅमच्या आसपास. न्याहारीत पोटभरीचा पदार्थ हवा असेल तर हा फरक लक्षात घ्यावा. तसेच ब १२ हे जीवनसत्त्व फळांमधून किंवा घरी केलेल्या या दुधांमधून मिळत नाही. पूर्ण व्हीगन आहार घेणाऱ्याने ते मुद्दाम मिसळलेली उत्पादने किंवा पूरक गोळ्या यांबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

रात्री भिजवायची न्याहारी

नवशिक्याने पहिला पदार्थ हा करावा, कारण यात गॅस पेटवावा लागत नाही आणि बिघडायला फारसे काही नसते. झाकणाच्या बरणीत अर्धा कप चपटे ओट्स, अर्धा ते पाऊण कप वनस्पतिजन्य दूध, एक छोटा चमचा चिया, चिमूटभर मीठ आणि अर्धे कुस्करलेले पिकलेले केळे किंवा अर्धे किसलेले सफरचंद घालून नीट ढवळावे आणि किमान सहा तास फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळी ते घट्ट वाटले तर दोन चमचे दूध घालून सैल करावे. मीठ वगळू नये; त्या चिमटीशिवाय ओट्सला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

कोणते फळ रात्री घालायचे आणि कोणते सकाळी, यातच या पदार्थाची खुबी आहे. किसलेले सफरचंद, मनुका, चिरलेला खजूर आणि गोठवलेल्या बेरी रात्रीच घालाव्यात, कारण भिजताना त्यांचा रस ओट्समध्ये उतरतो. केळ्याचे काप, किवी, संत्र्याच्या सोललेल्या फोडी आणि बदाम-अक्रोडासारखा कुरकुरीत सुका मेवा सकाळी घालावा. रात्री घातला तर फळ लिबलिबीत होते आणि मेव्याचा कुरकुरीतपणा जातो. तत्काळ शिजणारे बारीक ओट्स वापरू नयेत, त्यांची सकाळपर्यंत खळ होते.

चियाचे पुडिंग याच जातीचे आहे. एक कप दुधाला तीन मोठे चमचे चिया हे प्रमाण घ्यावे. चिया दुधात टाकून ढवळावा, दहा मिनिटांनी पुन्हा तळापासून ढवळावा आणि मग चार तास किंवा रात्रभर ठेवावे. दुसऱ्यांदा ढवळण्याची ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि मग तळाशी बियांचा गोळा आणि वर पातळ दूध अशी अवस्था होते. दुधाऐवजी अर्धे दूध आणि अर्धा आंब्याचा किंवा पीचचा गर घेतला तर पुडिंगला फळाची खरी चव येते. नुसते वर ठेवलेले फळ ती देत नाही. चिया आणि सब्जा ही वेगवेगळी बी आहे. सब्जा काही मिनिटांतच फुगतो, प्रत्येक बीभोवती वेगळे आवरण धरतो आणि सरबतात चांगला लागतो, पण पुडिंगला हवा तसा एकजीवपणा त्याने येत नाही.

केळ्याचे पॅनकेक

एक कप चपटे ओट्स मिक्सरमध्ये कोरडेच दळून पीठ करावे. त्यात एक मोठे ठिपक्यांचे केळे, पाऊण कप दूध, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून एकजीव होईपर्यंतच फिरवावे आणि मिश्रण दहा मिनिटे तसेच ठेवावे. एवढ्या वेळात ओट्स पाणी शोषतात आणि मिश्रण दाट होते. चमच्याने उचलले तर ते सलग धारेने न पडता ओघळत, थबकत पडले पाहिजे.

यात अंडे नाही, म्हणून पॅनकेक उलटताना मोडतात अशी तक्रार हमखास येते. त्याला तीन कारणे असतात. पॅन नीट तापलेला नसतो, पॅनकेक फार मोठा घातलेला असतो किंवा उलटण्याची घाई झालेली असते. तळहाताएवढे छोटे पॅनकेक घालावेत, आच मध्यमहून थोडी कमी ठेवावी आणि वरचे बुडबुडे फुटून भोके तशीच राहिली व कडा कोरड्या दिसू लागल्या, की मगच उलथणे खाली सारावे. केळ्यातल्या साखरेमुळे बाहेरून रंग फार लवकर चढतो, तेव्हा रंगावर विश्वास ठेवू नये. मोठ्या आचेवर ते बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात.

इतर भाजक्या पदार्थांतही एका अंड्याऐवजी पाव कप कुस्करलेले केळे किंवा पाव कप शिजवलेल्या सफरचंदाचा गर चालतो. केळ्याची चव नको असेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घ्यावी. याने पदार्थ बांधला जातो, पण अंड्यासारखा फुगत नाही, म्हणून हलक्या स्पंज केकवर पहिल्याच दिवशी प्रयोग करू नये.

वर घालायला पाक आणण्याची गरज नाही. दोन कप ताज्या किंवा गोठवलेल्या बेरी, अथवा चिरलेले पीच, दोन मोठे चमचे साखर आणि चमचाभर लिंबाचा रस मंद आचेवर दहा मिनिटे उकळले, की चकचकीत दाट रस होतो. आंबट स्ट्रॉबेरीचे सोने करायची हीच जागा.

एकाच फळाचे आइस्क्रीम

पिकलेली तीन केळी सोलून सुमारे दोन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात आणि त्या ताटात एकमेकींना न चिकटता पसरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. अख्खे केळे सालीसकट फ्रीजरमध्ये टाकले तर दुसऱ्या दिवशी साल सोलताना बोटे बधिर होतात, हा अनुभव एकदा घेऊन झाला आहे.

चकत्या मिक्सरमध्ये घालण्यापूर्वी पाच मिनिटे बाहेर ठेवाव्यात आणि मग थांबत थांबत फिरवावे. पहिल्या मिनिटात भांड्यात फक्त खडखडाट होतो आणि ओल्या वाळूसारखा भुगा दिसतो. इथे घाबरून दूध ओतले की आइस्क्रीमऐवजी स्मूदी होते. भांडे थांबवून कडेचा भुगा चमच्याने खाली ओढावा, पुन्हा फिरवावे. थोड्या वेळाने भुग्याचा एक चिकट गोळा होतो आणि पाते त्याच्या पोटात नुसतेच फिरत राहते. तो मोडून पुन्हा फिरवावे. मग अचानक आवाज बदलतो, खडखड जाऊन खोल घरघर येते, आणि झाकण उघडल्यावर आत फिकट, तकतकीत, वळ्या पडलेले मऊ आइस्क्रीम दिसते. मिक्सर अगदीच अडला तर एक-दोन मोठे चमचे दूध घालावे, त्याहून जास्त नाही. लहान ताकदीचे यंत्र असेल तर दर अर्ध्या मिनिटाने त्याला विश्रांती द्यावी. वास येऊ लागला तर लगेच बंद करावे.

हे साधते ते केळ्याच्या गरामुळे. त्यात पाणी असले तरी साखर आणि पेक्टिन हा फळातला दाटपणा आणणारा घटक यांच्यामुळे बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. हिरवट केळ्यात साखरच कमी असते, म्हणून त्याचे आइस्क्रीम खरबरीत आणि तोंडाला चिकटणारे होते. दोन मोठे चमचे कोको, मूठभर गोठवलेल्या बेरी किंवा चमचाभर शेंगदाण्याचे बटर शेवटी घालून पुन्हा एकदा फिरवले तर चव बदलता येते. ते लगेच खावे. उरले तर डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवता येते, पण दगडासारखे होते आणि पुन्हा मऊ करण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे बाहेर काढून ठेवावे लागते.

थरथरणारी फळांची जेली

बाजारातली जेली बहुधा जिलेटिनची असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातडीपासून काढलेले असते. त्याऐवजी समुद्रातल्या लाल शेवाळापासून मिळणारे अगर-अगर वापरतात, ज्याला बरेच लोक चायना ग्रास म्हणतात. दोघांचा स्वभाव वेगळा आहे आणि जिलेटिनच्या सवयीने अगर वापरले तर फसगत होते. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळते आणि फ्रीजमध्ये सेट होते. अगर नीट उकळल्याशिवाय विरघळत नाही, पण पुढे साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसला, म्हणजे बाहेर ओट्यावरच, सेट होते. एकदा सेट झाले की ८५ अंशांच्या आसपास तापेपर्यंत वितळत नाही, म्हणून ही जेली गरम दिवसातही ताटात पाझरत नाही.

अर्धा लिटर जेलीसाठी दोन छोटे चमचे, म्हणजे सुमारे चार ग्रॅम, अगरची पूड १५० मिलिलिटर थंड पाण्यात ढवळून मग गॅसवर ठेवावी आणि उकळी आल्यावर सतत ढवळत दोन मिनिटे उकळू द्यावी. गॅस बंद करून त्यात चवीपुरती साखर आणि साधारण ३५० मिलिलिटर फळांचा रस घालावा. माझी पहिली जेली इथेच फसली. फ्रीजमधून काढलेला संत्र्याचा गारेगार रस मी त्या उकळत्या अगरमध्ये एकदम ओतला आणि क्षणात भांड्यात पारदर्शक शेवयांसारखे धागे तरंगू लागले, कारण मिश्रण सेट होण्याच्या तापमानाखाली गेले होते. रस आधी बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणावा किंवा किंचित कोमट करावा. असे धागे झालेच तर फेकून देऊ नये. मिश्रण पुन्हा उकळले की अगर परत विरघळते आणि जेली सुधारते, रसाचा ताजेपणा तेवढा थोडा कमी होतो.

कच्चा अननस, पपई आणि किवी यांच्यातली विकरे प्रथिने तोडतात आणि जिलेटिन हे प्रथिन असल्याने त्याची जेली या फळांसोबत बसतच नाही. अगर हे प्रथिन नाही, त्यामुळे ही अडचण येत नाही. फार आंबट रस अगरबरोबर उकळला तर मात्र जेली मऊ पडते. म्हणूनच रस गॅस बंद केल्यावर घालायचा असतो, आणि लिंबाच्या जेलीसाठी अगर थोडे वाढवावे.

ओव्हन असेल तर

चार मध्यम सफरचंदे, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम, चिरून त्यांना एक मोठा चमचा लिंबाचा रस, दोन मोठे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा दालचिनीची पूड लावून भांड्यात पसरावे. १०० ग्रॅम मैदा किंवा कणीक, ८० ग्रॅम ओट्स, ७० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि ८० ग्रॅम घट्ट खोबरेल तेल बोटांनी चोळून खडबडीत भुगा करावा, तो वर न दाबता पसरावा आणि १८० अंश सेल्सिअसला ३५ ते ४० मिनिटे, कडेने रस उकळून वर येईपर्यंत भाजावे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळते, त्यामुळे हवा उष्ण असेल तर ते आधी पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावे, नाहीतर भुग्याऐवजी लगदा होतो. हा झाला क्रम्बल. सफरचंदाऐवजी बेरी किंवा पीच घेतल्यास त्यांना एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर चोळावे, कारण त्यांना पाणी फार सुटते.

ओव्हन नसेल तर त्याच फोडी झाकणाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे पाण्याबरोबर मंद आचेवर मऊ कराव्यात आणि भुगा वेगळ्या तव्यावर सतत हलवत खमंग परतून वर घालावा. चवीत फार फरक पडत नाही.

न शिजवता होणारे चॉकलेटचे मूस हवे असेल तर चार मोठे चमचे कोको पाव कप गरम दुधात कालवून थंड करावा आणि दोन पिकलेले अ‍ॅव्होकाडो, तीन-चार मोठे चमचे खजुराची पेस्ट, थोडा व्हॅनिला व चिमूटभर मीठ यांच्यासोबत गुळगुळीत वाटून तासभर फ्रीजमध्ये ठेवावे. अ‍ॅव्होकाडो कच्चा राहिला असेल तर भाजीसारखा वास लपत नाही, त्या दिवशी हा बेत सोडून द्यावा.

पेये

स्मूदी करताना मिक्सरमध्ये कोणती गोष्ट आधी जाते याला महत्त्व आहे. तळाशी द्रव, त्यावर मऊ फळे, आणि गोठवलेली कडक फळे सर्वांत वर. म्हणजे पात्याला सुरुवातीपासून फिरायला जागा मिळते. एक कप गोठवलेले फळ, अर्धे केळे आणि पाऊण ते एक कप दूध हे प्रमाण पुरते. वाडग्यात चमच्याने खायची दाट स्मूदी हवी असेल तर दूध निम्म्यावर आणावे. बर्फ घालण्यापेक्षा फळच गोठवावे, बर्फाने चव पातळ होते. लाल बेरी आणि हिरवा पालक एकत्र केला तर चिखलाचा रंग येतो. चवीला बरे असते, पण पहिल्यांदा करणाऱ्याचा उत्साह मावळतो.

पपई, किवी किंवा ताजा अननस सोयाच्या दुधात घातला तर ती स्मूदी लगेच प्यावी. ही फळे दुधातली प्रथिने तोडू लागतात आणि थोड्या वेळाने पेय कडवट होते. ओट्स किंवा नारळाच्या दुधात प्रथिने कमी असल्याने हा त्रास जाणवत नाही, आणि डबाबंद अननसातले विकर उष्णतेने आधीच निकामी झालेले असते.

गाळलेल्या रसाबद्दल थोडी सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्यास सांगितले आहे, म्हणजे दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्यासाठी सुमारे ५० ग्रॅम. या हिशेबात फळांच्या रसातली साखर धरली जाते, अख्ख्या फळातली धरली जात नाही. कपभर संत्र्याच्या रसात वरून काही न घालताही २० ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्यामुळे रोजच्या पिण्यासाठी मी रसापेक्षा फळांचे सरबत पसंत करतो, ज्यात पाणी जास्त आणि गोडी आपल्या हातात असते. चार कप बियांशिवाय कलिंगडाचे तुकडे, त्यातले निम्मे गोठवलेले, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ एकत्र फिरवले की साखरेशिवायच दाट बर्फाळ पेय तयार होते.

सर्वांत साधे म्हणजे फळांचे पाणी. एक लिटर थंड पाण्यात संत्र्याच्या किंवा लिंबाच्या चार-पाच चकत्या, काही चिरलेल्या स्ट्रॉबेरी आणि पुदिन्याची हाताने चुरडलेली पाने घालून दोन ते चार तास फ्रीजमध्ये ठेवावे. त्यानंतर लिंबू-संत्र्याच्या चकत्या काढून टाकाव्यात, कारण सालीखालच्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा पाण्यात उतरू लागतो. चकत्या काढायच्या विसरण्याची सवय असेल तर आधीच साल सोलून घ्यावी.

खरेदी करताना आणि साठवताना

फळे व्हीगन असली तरी त्यांच्यासोबत आणलेल्या वस्तू तशा असतीलच असे नाही. गुलाबी पेयांत आणि मिठायांत कारमाइन, म्हणजे घटकांच्या यादीतला ई १२०, हा कीटकांपासून काढलेला रंग असू शकतो. काही फळांना आणि गोळ्यांना चकाकी आणण्यासाठी कीटकांपासूनच मिळणारी लाख, म्हणजे ई ९०४, लावलेली असते. आणि काळ्या चॉकलेटमध्येही दुधाची पावडर किंवा लोण्याचा अंश आढळतो. ‘दुग्धविरहित’ असे लिहिलेल्या पाकिटावरही घटकांची यादी वाचावी, कारण केसीन हे दुधातले प्रथिन कधीकधी तिथेही असते.

कापलेले फळ आणि या लेखातले थंड पदार्थ दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत आणि फ्रीजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावे. फळ जास्त आणले गेले तर ते पिकून उतू जाण्याची वाट न पाहता सोलून, चिरून, ताटात पसरून गोठवावे आणि कडक झाल्यावर पिशवीत भरून, हवा काढून, वर तारीख लिहावी. आधी न पसरता थेट पिशवीत भरले तर सगळ्याची एक वीट होते आणि दर वेळी ती लाटण्याने फोडावी लागते.